जोडीची फुगडी

आषाढ, मंगळवार. रात्र.

आज मंगळागौरीच्या खेळांच्या सरावाला वहिनींनी माझ्याबरोबर फुगडी धरायला नकार दिला. नकार म्हणजे तसा गाजावाजा काही झाला नाही. शिकवणाऱ्या बाईंनी जोड्या लावायला सांगितल्या, मी सवयीने हात पुढे केले आणि वहिनी पदर खोचता खोचता म्हणाल्या, "अगं, तुझ्याबरोबर आता भीती वाटते मला. तू भिरभिरतेस. त्या नव्या सुनेबरोबर धर, ती तुझ्या वजनाची आहे." एवढेच. नंतर झिम्मा झाला, पिंगा झाला, परतताना रिक्षात गप्पाही नेहमीसारख्याच झाल्या आणि गवारीचा भाव अतोनात चढला आहे यावर आमचे एकमतही झाले. तरी अकरा वाजून गेले आहेत आणि मी ते एक वाक्य उशाशी घेऊन बसले आहे.

त्या म्हणाल्या ते अक्षरशः खरे आहे, हीच तर पंचाईत आहे. खोटे असते तर रागावता आले असते. फुगडीत चवड्याला चवडा भिडवायचा, उजव्या हातात उजवा आणि डाव्यात डावा अशी हातांची कात्री घालायची, कोपरे ताठ करायची आणि मागे रेलायचे. त्या क्षणापासून आपण आपल्या पायांवर उभ्या नसतो, समोरचीच्या ओढीवर तोललेल्या असतो. दोघींचे वजन सारखे असेल तर फिरण्याचा आस बरोबर मधोमध राहतो. एक हलकी असेल तर तो जड बाजूला सरकतो, जड बाई जवळजवळ जागच्या जागी फिरते आणि हलकीला तेवढ्याच वेळात मोठे वर्तुळ पुरे करावे लागते, म्हणून ती अधिक वेगाने भिरकावली जाते. लेकीने हे मला मागे फोनवर समजावून सांगितले होते, तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती. गेल्या श्रावणात आम्हा दोघींच्या पावलांखालची फरशी जागची हलत नव्हती आणि बायका टाळ्या वाजवायच्या थांबून नुसत्या बघत राहत. तेव्हा आमची वजने जवळपास सारखी होती. दोघींची भरपूर होती, हे ओघानेच आले. त्यानंतर माझे उतरले, त्यांचे नाही.

म्हणजे भीती वाटते हे खरेच असणार. पण नुसती भीतीच होती का? "ती तुझ्या वजनाची आहे" हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, खोचलेला पदर पुन्हा सोडून पुन्हा खोचला. एरवी वहिनी तोंडावर बोलणाऱ्या आहेत. ज्यांनी माझ्या स्वयंपाकाला, माझ्या माहेराला आणि माझ्या पडद्यांच्या रंगाला तोंडावर नावे ठेवली, त्यांना हे एवढे वाक्य पदराकडे पाहून का म्हणावेसे वाटले असेल?

मला सरावाच्या हॉलवर पहिल्यांदा ओढून नेले ते वहिनींनीच. आई गेल्यानंतरचे ते वर्ष होते आणि त्याबद्दल आज लिहायचे नाही. त्याआधी मी एका जिमची वर्षाची फी एकरकमी भरून बसले होते. तिथल्या चालत्या पट्ट्यावर भिंतीकडे तोंड करून मिनिटे मोजायची आणि आकडा पुढे सरकावा म्हणून मनात प्रार्थना करायची, एवढाच माझा व्यायाम होता. मंगळागौरीच्या सरावात घड्याळाकडे पाहायला सवडच मिळत नाही. उकिडवे बसून कोंबडा घालताना मांड्या भरून येतात, सूप नाचवताना खांदे बोलू लागतात, आणि झिम्म्यात हसू आवरता आवरता धाप लागते ती वेगळीच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. मी हिशोब केला नव्हता, पण आषाढ-श्रावणात तो आकडा माझ्या नकळत ओलांडला जात होता, आणि सराव संपला की पुन्हा कधी असे वाटत होते. जिमबद्दल मला असे कधीही वाटले नाही. सणावारापुरता हा खेळ न ठेवता आमच्यातल्या काहीजणींनी बाईंच्या मागे लागून तो वर्षभर चालू ठेवला, त्यातही वहिनीच पुढे होत्या.

खाण्याचे मात्र मी एकटीने केले, आणि आता वाटते की दुरावा आला असेल तर तो तिथून आला. त्यातही फारसे शौर्य नव्हते. दिवसात चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे साधारण ४० ग्रॅम साखर आणि १६० उष्मांक नुसत्या चहातून पोटात जात होते. ती साखर आधी निम्मी केली आणि मग दोन चहाच बंद केले. तेलाचे म्हणाल तर माणशी दिवसाला २० ते ३० ग्रॅम असे धरले, तरी आमच्या घराला पुरणारे तेल आणि प्रत्यक्षात संपणारे तेल यांचा काही मेळच नव्हता, कारण मी ते बुधलीतून सरळ कढईत ओतत होते. आता चमच्याने घालते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली नवी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत एकूण उष्मांकांपैकी धान्यांतून ४५ टक्क्यांहून अधिक येऊ नयेत असे म्हटले आहे. ते वाचून मी माझ्या ताटाकडे पाहिले, तर पोळीच्या जोडीला भात, भाताच्या जोडीला बटाटा आणि कोशिंबीर लोणच्याएवढी, असा प्रकार होता. आता कोशिंबीर वाटीभर असते, रात्री ज्वारीची एक भाकरी आणि मुगाची किंवा मटकीची उसळ असते, आणि उपासाला साबुदाण्याऐवजी वरई आणि ताक असते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आणि त्यावर पुन्हा दाण्याचे कूट आणि तूप. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आमच्या घरात म्हण नव्हती, वेळापत्रक होते.

सगळ्यांत अवघड गेले ते उरलेले संपवणे सोडणे. पातेल्याच्या तळाशी राहिलेला मसालेभात, लेकीच्या पानातली अर्धी पोळी, ह्यांनी सोडलेला शिरा, हे सगळे वर्षानुवर्षे ओट्यापाशी उभ्याने माझ्या पोटात गेले, कारण टाकवत नाही. अन्न टाकू नये हे पटलेलेच आहे, पण कचऱ्यात नको म्हणून माझ्या अंगात का, हा प्रश्न मला पन्नाशीजवळ पडला. आता कमीच शिजवते. एखादे दिवशी भात कमी पडतो आणि घरात कुरकुर होते, ती मी ऐकून घेते.

पण वहिनींच्या दृष्टीने पाहिले तर यातले काहीच त्यांना दिसलेले नाही. त्यांना दिसला तो वडा. सराव सुटला की कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन गरम बटाटेवडे घ्यायचे आणि कट्ट्यावर बसून त्या दिवशी कोण किती चुकले याची उजळणी करायची, हा आमचा नेम होता. मी वडा सोडला. म्हटले, तुम्ही घ्या वहिनी, मी आहे की बसायला. पहिल्या वेळी त्यांनी घेतला आणि मी शेजारी पाण्याची बाटली घेऊन बसले. त्यांनी तो फार भराभर खाल्ला. पुढच्या वेळी म्हणाल्या, आज नको, घरी जायचे आहे. मग तो कट्टाच सुटला. फुगडी आज सुटली असे मी वर लिहिले आहे, पण खरे तर फार आधीपासून ती सुटत आली होती. बाटली हातात धरून शेजारी बसणे म्हणजे काय, हे मला तेव्हा कळले नाही असेही नाही. थोडेसे कळले होते आणि थोडेसे बरेही वाटले होते.

हे शेवटचे वाक्य खोडावेसे वाटते. राहू दे.

वजन उतरल्याचे कौतुक होईल अशी माझी भोळी समजूत होती. प्रत्यक्षात लग्नाकार्यात लोक बाजूला घेऊन हळूच विचारतात, "साखर वगैरे निघाली का गं?" एकीने तर थेट गोळ्यांचे नाव विचारले. ह्यांच्या मावशींनी चेहरा पार उतरला म्हणून हळहळ केली. आणि जी एक बाई मनापासून खूश होईल असे वाटले होते, तिने आज हात मागे घेतले. मी कोणाचे काय वाईट केले होते? एवढे घाम गाळून, एवढे मन मारून हाती काय आले, तर फरशीवरची आपली हक्काची जागा गेली. हे लिहिताना डोळे भरून आले. मग लक्षात आले की ज्या गोष्टीवर मी रडते आहे ती गोष्ट म्हणजे पन्नाशीतल्या बाईला फुगडीला जोडीदारीण न मिळणे, आणि जोडीदारीण मिळालेलीही आहे, तीही सव्वीस वर्षांची. त्यावर मला एकटीलाच हसू आले आणि ह्यांनी आतून विचारले, काय झाले. काही नाही म्हटले.

वहिनींना त्यांच्या वजनाची काळजी वाटते का, हे मी त्यांना कधी विचारलेले नाही, आणि विचारणारही नाही. त्यांच्या रक्ताच्या तपासण्या दरवर्षी चोख येतात, हे त्या स्वतःच अभिमानाने सांगतात. आमच्या घरात साखर आहे ती ह्यांना, आणि ह्यांची पँट कॉलेजात होती त्याच मापाची आहे. आमच्या डॉक्टरांनी यावरून एकदा २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका छायाचित्राची गोष्ट सांगितली होती. त्यात आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. अंगाने बारीक आणि आतून चरबीचा, असा आपला भारतीय देह असतो, म्हणून आपल्याकडे नुसता काटा पाहून भागत नाही, कंबरही मोजावी लागते, आणि बायकांची ती ८० सेंटिमीटरच्या आत हवी, असे त्यांनी टेप दाखवून सांगितले. माझी अजूनही त्याच्या आत आलेली नाही. तेव्हा वहिनी जड आणि मी हलकी, एवढ्यावरून कोण किती निरोगी याचा निकाल लागत नाही, आणि वडा न खाता बाटली धरून बसणाऱ्या बाईने तो लावू तर नयेच.

त्यातून माझा काटाही सध्या अडून बसला आहे. पहिल्या आठवड्यांत तो भराभर खाली आला, तेव्हा मी हवेत होते. त्यातला बराचसा भाग पाण्याचा असतो, कारण शरीरात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेले असते आणि खाणे कमी केले की दोन्ही एकदमच जातात, हे नंतर कळले. पुढे देह हलका झाला की त्याला चालायला-वळायला इंधनही कमी लागते, आणि कालपर्यंत जे ताट कमी होते ते आज पुरेसे होऊन बसते. म्हणजे आणखी कमी खा, नाहीतर आणखी नाचा. आणखी कमी खायची माझी तयारी नाही. नाचायची आहे, आणि म्हणूनच आजच्या त्या वाक्याचा इतका त्रास होतो आहे. त्या सुनेबरोबर फुगडी चांगली झाली, हे मान्य करायला हवे. पोरगी चपळ आहे, हात घट्ट धरते आणि आम्ही दोघी बऱ्याच वेळ फिरलो. पण ती दमली की "काकू, बास" म्हणते. वहिनी दमल्या की काही म्हणत नसत, नुसता माझा अंगठा दाबत, आणि मी वेग कमी करी. हे त्या पोरीला शिकवता येईलही. शिकवावेसे वाटत नाही.

मघापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. चौघींची फुगडी आम्ही या वर्षी बसवलेलीच नाही. चौघी एकमेकींत हात गुंफून रेलतात तेव्हा भार चौघींत वाटला जातो, आणि समोरासमोर एक जड आणि एक हलकी अशी गाठ पडत नाही. वहिनी, मी, ती सून आणि वहिनींच्या अंगाची आणखी एक, अशी चौकडी जमवली आणि जड दोघी समोरासमोर, हलक्या दोघी समोरासमोर अशा उभ्या केल्या, तर आस मध्यभागी राहायला हरकत नसावी. लेकीला उद्या फोन करून हे एकदा पक्के करून घेते. वहिनींना मी सुचवले तर त्या नाही म्हणतील, तेव्हा ते बाईंच्या तोंडून यायला हवे, आणि बाईंना ते आपल्यालाच सुचले असे वाटायला हवे. हे काम नाजूक आहे, पण सासरी इतकी वर्षे काढल्यावर एवढे जमायला हवे.

आणि गुरुवारी सराव सुटल्यावर गाडीपाशी थांबायचे आहे. अर्धा वडा मागणार आहे. त्या अर्धा मोडून देणार नाहीत, अख्खाच घ्यायला लावतील आणि वर मिरचीही देतील, तेव्हा त्या रात्री भाकरी करायची ती ह्यांच्यापुरतीच.