सेव्हन डायल्सचा एका पेनीचा छापखाना

कव्हेंट गार्डनच्या स्टेशनातून बाहेर पडलं की सगळी गर्दी बाजाराकडे वळते. तिच्यामागे न जाता उत्तरेला पाचेक मिनिटं चाललं, की सात लहान रस्ते एका चौकात येऊन मिळतात. मधोमध उंच दगडी खांब, त्याच्या माथ्यावर निळ्या तबकड्यांची सूर्यघड्याळं आणि खाली पायरीवर सँडविच खात बसलेली माणसं. हा सेव्हन डायल्स, म्हणजे 'सात तबकड्या'.

"मावशी, इथं कपड्यांची आणि अत्तरांची दुकानं आहेत. तुला नक्की इथंच यायचं होतं?" लंडनमध्ये राहणाऱ्या माझ्या भाचीनं विचारलं.

मला नक्की इथंच यायचं होतं. जेम्स कॅटनॅक नावाच्या मुद्रकाचा छापखाना या चौकाला लागून असलेल्या एका बोळात होता. शेली, कीट्स, ऑस्टेन यांचा जो काळ आपण इंग्रजी साहित्यात शिकतो, त्याच काळात लंडनची मोलकरीण, हमाल, भाजीवाली जे वाचत होती, ते कॅटनॅक छापत होता. एक पान, एका बाजूला मजकूर, किंमत अर्धी पेनी किंवा एक पेनी. कितीतरी वर्षं मी ही पानं संगणकाच्या पडद्यावर बघत आले आहे. ती जिथं छापली गेली तिथं एकदा उभं राहायचं, एवढ्यासाठी या खेपेचा पहिला दिवस राखून ठेवला होता.

आधी त्या खांबाबद्दल. टॉमस नील नावाच्या गृहस्थानं 1690 च्या दशकात ही वसाहत आखली, तेव्हा मूळ आराखड्यात सहाच रस्ते होते. म्हणून खांबावर घड्याळंही सहाच. 1773 मध्ये खांब उतरवला गेला. त्याचे दगड आज सरे परगण्यातल्या वेब्रिजला एका स्मारकात उभे आहेत. आपण बघतो तो खांब 1989 चा. म्हणजे कॅटनॅकनं इथं काम केलं तेव्हा चौकाला घड्याळांचं नाव होतं, पण घड्याळं नव्हती. होती ती दाटीवाटीची घरं, जुन्या कपड्यांचे विक्रेते, गुत्ते आणि रस्त्यावर गाणारे.

नकाशा हातात असला तरी इथं एक गोष्ट माहीत असायला हवी. कॅटनॅकचा पत्ता 2, मॉन्मथ कोर्ट. आज चौकातून निघणाऱ्या एका देखण्या रस्त्याचं नाव मॉन्मथ स्ट्रीट आहे खरं, पण तो त्या वेळचा ग्रेट सेंट अँड्र्यू स्ट्रीट. तिथं दुकान होतं कॅटनॅकच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचं, जॉन पिट्सचं. जुना मॉन्मथ स्ट्रीट पुढे शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूत विरून गेला. डिकन्सनं आपल्या सुरुवातीच्या लेखनात सेव्हन डायल्सचं वर्णन करताना कॅटनॅक आणि पिट्स ही दोन्ही नावं जोडीनं घेतली आहेत. लंडनमध्ये ती इतकी सर्वतोमुखी होती. आम्ही दोघी शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूपर्यंत गेलो, परत आलो, पिट्सच्या रस्त्यानं एक फेरी मारली.

कॅटनॅक मूळचा लंडनचा नव्हे. जन्म 1792 चा, इंग्लंडच्या थेट उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलंडमधल्या ॲनिक गावचा. वडील जॉन कॅटनॅक हेही मुद्रक, आणि चांगले मुद्रक. टॉमस ब्यूइकसारख्या कलावंताच्या लाकडी ठशांनी सजलेली पुस्तकं त्यांच्या छापखान्यातून निघत. पण व्यवहार जमला नाही. कुटुंब लंडनला आलं आणि थोड्याच दिवसांत वडील वारले. 1813 मध्ये विशीतल्या जेम्सनं मॉन्मथ कोर्टात आपला छापखाना मांडला. भांडवल म्हणजे वडिलांचं जुनं लाकडी छापयंत्र, झिजलेले खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) आणि ठसे.

वडिलांसारखी सुबक पुस्तकं तो कधीच छापणार नव्हता. त्यानं गिऱ्हाईक निवडलं ते ज्याच्या खिशात एक तांब्याचं नाणं आहे ते. त्यामागे सरकारचा मोठा हात होता. 1815 पासून वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीवर चार पेन्सचा मुद्रांक कर होता, त्यामुळे अंक सात पेन्सच्या आसपास पडायचा. गरिबांच्या हाती बातमी पडू नये, हा त्यामागचा उघड हेतू होता. पण एका पानावर एकच घटना, तीही गाण्यात बांधून छापली, तर ते वर्तमानपत्र ठरत नाही. कॅटनॅकचा सगळा धंदा या फटीत उभा राहिला. मला यात त्याची हुशारी दिसतेच, पण त्याहून जास्त दिसते ती लोकांची वाचायची भूक. कर लावून ती मारता आली नाही.

तो काय काय छापायचा? प्रेमाची गाणी, खलाशांची गाणी, नाताळची चित्रपानं, मुलांसाठी कॉक रॉबिनच्या मरणाची किंवा ओल्ड मदर हबर्डची चिमुकली पुस्तकं. आपल्याकडे देवळाबाहेर आरत्यांची आणि कहाण्यांची पातळ पुस्तकं मिळतात ना, त्याच जातीची. ती विकणारे सगळे फिरते. कोणी लांब काठीला गाण्यांच्या पट्ट्या लावून "तीन यार्ड एक पेनी" अशी आरोळी द्यायचा, कोणी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून खुनाची हकिकत रंगवायचा. नवं काही घडलं नसेल तर खोटी बातमीही चालायची. हेन्री मेह्यूनं 1851 मध्ये लंडनच्या रस्त्यांवरच्या माणसांची जी नोंद करून ठेवली, तिच्यात या विक्रेत्यांच्याच तोंडून हे सगळं ऐकायला मिळतं.

1820 साली चौथा जॉर्ज आपल्या बायकोशी, राणी कॅरोलाइनशी काडीमोड घेऊ बघत होता. जनता राणीच्या बाजूनं उभी राहिली, आणि मॉन्मथ कोर्टातून तिच्या कैवाराची पानं धो धो बाहेर पडली. पुढच्याच वर्षी टॉम आणि जेरी या दोन छानछोकी तरुणांच्या लंडनमधल्या करामतींचं पिअर्स ईगनचं महागडं सचित्र पुस्तक गाजलं. कॅटनॅकनं बारा चित्रांचं, पद्यातलं, दोन पेन्सचं एक मोठं पान काढून ते रस्त्यावर आणलं. चित्रं मूळ चित्रांवरून सरळ लाकडावर कोरलेली, त्यामुळे छापल्यावर डाव्याची उजवी झालेली. नक्कल होती, परवानगी नव्हती. लेखकाचा तोटा झाला हे मला मान्य आहे. तरीही ते पुस्तक ज्याच्या आवाक्यात कधीच आलं नसतं अशा कितीतरी माणसांना टॉम आणि जेरी याच पानानं भेटवले, आणि मी त्या माणसांच्या बाजूनं आहे.

गाणी लिहिणाऱ्यांना मात्र गाण्यामागे एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स, मिळायचा. मग ते गाणं लाखभर खपो की पडून राहो. जॉन मॉर्गन नावाचा यातला एक कवी म्हातारपणी हलाखीत दिवस काढताना चार्ल्स हिंडलीला भेटला. हिंडलीनं पुढे 1878 मध्ये कॅटनॅकचं चरित्र लिहिलं, आणि आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बहुतेक त्याच्यामुळे. कॅटनॅकच्या पैशांची गोष्टही त्यातलीच. सगळा गल्ला तांब्याचा. भिकाऱ्या-गायकांच्या हातची नाणी, त्यांतून ताप पसरेल म्हणून शेजारचे दुकानदार ती घेईनात. मग तो नाणी पोटॅश आणि व्हिनेगरमध्ये उकळून लख्ख करायचा आणि घोडागाडी भरून बँक ऑफ इंग्लंडला न्यायचा. खोटी निघालेली नाणी त्यानं मागच्या स्वयंपाकघराच्या फरशीत बसवून टाकली होती म्हणे.

तुरुंगही त्याला चुकला नाही. ड्रुरी लेनजवळच्या एका खाटकाच्या सॉसेजमध्ये माणसाचं मांस असतं, अशी अफवा त्यानं 1818 मध्ये छापली. खाटकाच्या दुकानापुढे जमाव गोळा झाला, खटला झाला आणि कॅटनॅक सहा महिने क्लार्कनवेलच्या तुरुंगात गेला. तेवढा काळ आई आणि बहिणींनी छापखाना चालवला. ही शिक्षा योग्यच होती असं मला वाटतं. एका कष्टकरी माणसाचा धंदा त्या कागदानं बुडत होता.

ड्रुरी लेनवरून आम्ही फ्लीट स्ट्रीटला उतरलो. तिथल्या सेंट ब्राइड चर्चच्या मागच्या गल्लीत मुद्रणकलेला वाहिलेली सेंट ब्राइड संस्था आहे. ग्रंथालय, जुनी यंत्रं, कार्यशाळा असं सगळं एका छताखाली. वेळ आधी ठरवून जावं लागतं. तिथं ॲल्बियन जातीच्या हातयंत्राचा दांडा मला स्वतः ओढून बघता आला. खांद्यापासून जोर लावावा लागतो. शाई लागलेल्या खिळ्यांवर कागद दाबला जातो, दांडा मागे येतो, कागद सोलून काढताना चिकट आवाज येतो. अक्षर बोटाला जाणवतं.

तो दांडा ओढला आणि डोक्यात हिशोब सुरू झाला. 1823 च्या ऑक्टोबरमध्ये जॉन थर्टेलनं विल्यम वेअर नावाच्या जुगाऱ्याचा खून केला. हिंडली सांगतो की त्या खटल्याची पाच लाख पानं आठेक दिवसांत निघाली, आणि रात्रंदिवस काम चाललं. कॅटनॅककडे तेव्हा चार यंत्रं होती. दोन सराईत माणसं एका हातयंत्रावर तासाला सुमारे 250 कागद काढतात. चार यंत्रं आठ दिवस, आठ रात्री क्षणभर न थांबता चालली तरी दोन लाखांच्या आतच भरतात. म्हणजे एकाच मोठ्या कागदावर तोच मजकूर दोन-तीनदा जुळवून छापणं आणि मग कापणं आलं, दुसऱ्या छापखान्यांची मदत आली. तशी मदत त्यानं घेतलीही होती. आकडा थोडा फुगवलेला असेल, पण अशक्य नाही. खांदा दुखत असताना हा हिशोब केला की त्या कामगारांबद्दल फार आदर वाटतो. त्यांची नावं कोणी लिहून ठेवलेली नाहीत.

तिथून चालत दहा मिनिटांवर ओल्ड बेली. आज तिथं फौजदारी न्यायालय आहे. 1902 पर्यंत त्याच जागी न्यूगेटचा तुरुंग होता, आणि 1783 ते 1868 त्याच्या दारासमोर रस्त्यावर जाहीर फाशी दिली जायची. गर्दीत कॅटनॅकची पानं विकली जायची. त्यांवर फाशी जाणाऱ्याचा कबुलीजबाब, त्याचे शेवटचे शब्द, त्यानं रचलेलं म्हणून पद्य. अर्थात हे सगळं आदल्या रात्रीच छापून तयार असायचं. 1837 मध्ये जेम्स ग्रीनेकरला इथं फाशी झाली, तेव्हा त्याच्या प्रकरणाची साडेसोळा लाख पानं खपल्याचं सांगतात. रस्त्याच्या त्या टोकाला उभं राहून मला अस्वस्थ वाटलं. एका माणसाचं मरण आणि पेनी-पेनीचा नफा. या साहित्यावर माझं प्रेम आहे, पण ही बाजू त्यातून वगळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच ब्रिटिश लायब्ररीत गेले. वाचकपत्र काढलं, पेन बाहेर ठेवून पेन्सिल घेतली आणि दुर्मीळ ग्रंथांच्या दालनात मागवलेल्या पानांची वाट बघत बसले. विल्यम कॉर्डरचं पान समोर आलं. सफोकमधल्या पोलस्टेड गावी त्यानं 1827 मध्ये मराया मार्टेनला लाल कोठारात मारून पुरलं. 11 ऑगस्ट 1828 ला बरी सेंट एडमंड्सला त्याला फाशी झाली. हिंडलीच्या म्हणण्यानुसार या एका पानाच्या 11 लाख 66 हजार प्रती खपल्या. तीन वर्षांनंतरच्या जनगणनेत अख्ख्या लंडनची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती, हे लक्षात घ्या.

कागद पातळ, पिवळसर, कडा फाटलेल्या. वर फाशीचं चित्र, ओबडधोबड, नक्कीच आधीही कुणाकुणासाठी वापरून झालेलं. मथळ्यात दोन-तीन वेगवेगळ्या घराण्यांचे खिळे, कारण एका जातीची पुरेशी अक्षरं पेटीत नसणार. शाई काही ठिकाणी गच्च, काही ठिकाणी उडालेली. खाली दोन स्तंभांत पद्य, कॉर्डरच्याच तोंडी घातलेलं: अविचारी तरुणांनो, माझ्याकडे बघून शहाणे व्हा. चाल लोकांच्या ओळखीची, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यानंही ऐकून पाठ करावं. आणि अगदी तळाशी मुद्रकाचं नाव. 1799 च्या कायद्यानं प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव-पत्ता सक्तीचं केलं होतं. बंडखोर मुद्रक सापडावेत म्हणून केलेल्या त्या कायद्यामुळेच आज आपण ही पानं कुणाची ते ओळखू शकतो.

मी ते पद्य पुटपुटत वाचलं. चालीत बसतं. लिहिणाऱ्यानं एका शिलिंगात चोख काम केलंय.

कॅटनॅकनं 1838 च्या सुमारास धंदा बहिणीकडे, ॲन राइलकडे सोपवला आणि तो लंडनच्या उत्तरेला खेड्यात राहायला गेला. 1841 मध्ये, पन्नाशीही न गाठता वारला. ॲननं पुढे बरीच वर्षं छापखाना चालवला, नंतर तो फोर्टी नावाच्या मुद्रकाकडे गेला, पण पानांवर 'कॅटनॅक प्रेस' हे नाव टिकून राहिलं.

लंडनला जाणं होणार नसेल तर ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयानं अशी हजारो पानं इंटरनेटवर फुकट खुली केली आहेत. मुद्रकाच्या नावानं शोधता येतं. खुनांपासून सुरुवात करू नका, आधी खलाशांची गाणी काढा. ती जास्त चांगली आहेत.