दोन बाणांनी परत आलेली सायकल

पुणे, रविवार, रात्रीचे साडेदहा

दुपारी मेथी निवडत बसले होते. आत्याचा मेसेज आला, ‘हे वाच गं. अगदी आपला दादा डोळ्यांसमोर उभा राहिला.’

तिसऱ्या ओळीला जुडी खाली ठेवली. सायकल, पुढच्या दांडीवरची छोटी सीट, चढ आला की उतरायचं, उतार लागला की परत बसायचं. हे मी लिहिलंय! वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या वर्षश्राद्धानंतर फेसबुकवर लिहिलं होतं, आठेक वर्षं झाली. खाली नाव मात्र मराठीतल्या एका दिवंगत थोर लेखकाचं, सोबत गुलाबाची तीन फुलं. आणि वर व्हॉट्सअॅपची ती दोन बाणांची खूण, म्हणजे निदान पाच ठिकाणांहून पुढे सरकत आलेलं.

राग आला. आत्याला कळवलं, ‘आत्या, हे माझं आहे.’ उत्तर आलं, ‘हो का? मग बाई, नाव नाही का घालायचंस खाली?’

घातलं होतं की.

भाजी तशीच ठेवून मूळ मजकूर शोधून काढला आणि दोन्ही ओळीओळीनं ताडून पाहिले. लकडी पुलाच्या जागी पंचगंगा आली होती. अमृततुल्याच्या जागी गंगावेशीतला दूधकट्टा. म्हणजे वाटेत कुणीतरी कोल्हापूरकर भेटला आणि त्यानं अण्णांच्या जागी आपल्या वडिलांना सायकलवर बसवलं. आणखी एक गोष्ट दिसली. माझ्याकडे ‘दुसऱ्या’ होतं, इथे ‘दुसर्या’, ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’. नुसतं उचलून चिकटवलं असतं तर तो र सहसा बिघडला नसता. बहुधा मजकूर मध्येच कुठेतरी चित्र झाला असणार, मागे सूर्योदय वगैरे, आणि त्या चित्रावरून कुणीतरी अंगठ्यानं, अक्षर अक्षर, पुन्हा टाइप केलाय. साडेतीनशे शब्द! इथे माझा राग थोडा लटपटला. चोर एवढे कष्ट घेत नाही.

शेवटचा परिच्छेद गायब होता. आठवतो तो मला. ‘आजच्या पिढीला हे सुख कळेल का’ छापाचा. तेव्हा फार आवडला होता मला. तो नसल्यानं लेख आता अण्णा पायडल मारतात तिथेच संपतो, आणि खरं सांगायचं तर बरा संपतो.

संध्याकाळी मुद्दाम जात्यावरच्या ओव्या लावल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून हे काम उभं केलं. गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आता ‘परी’च्या, म्हणजे ‘पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर त्या वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात. ओवी पहिल्यांदा कुणी रचली, कोण सांगणार? बाई माहेरची ओवी घेऊन सासरी येते, तिच्यात आपल्या भावाचं, आपल्या गावाचं नाव गुंफते, आणि ती तिची होते. कोल्हापूरकरानं तरी वेगळं काय केलं? त्याबद्दल आता तक्रार नाही. खटकतं ते त्या थोर नावाचं. वडील त्याचे, सायकल माझी, आणि सही तिसऱ्याचीच! साध्या माणसाच्या बापाची गोष्ट बिननावाची पुढे गेली नसती की काय?

‘परी’वर मात्र ओवीपाशी गाणारीचं नाव असतं, गाव, तालुका असतो. यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची नावं राहिली, कारण कुणीतरी जात्यापाशी बसून ती विचारली. मी फोटोसकट, नाव-आडनावासकट लिहिलं, ते आठ वर्षांत पुसलं गेलं. आत्यानंही विचारलं नव्हतं कुणाचं म्हणून. मी तरी कधी विचारते? सकाळीच एक कविता बहिणीला पाठवली होती, खाली ‘अनामिक’ होतं. तशीच ढकलली पुढे.

आत्ता मूळ मजकूर उघडून तो शेवटचा परिच्छेद काढून टाकला. दूधकट्ट्याचं वाक्य माझ्या अमृततुल्याहून सरस होतं, पण ते नाही घेतलं. आता कुणी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर मीच त्या थोर लेखकाची नक्कल केली असं वाटणार. आत्याला तर आधीच वाटतंय.

मेथी उद्या.