पट्टी आली म्हणून उघडली

एप्रिल संपत आला की देवगडात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. हंगामात म्हणजे आंब्याच्या पेट्यांमध्ये उकिडवा बसून कुणाचा तरी प्रिंटर सोडवत असतो. बाकी वर्षभर खाऱ्या हवेने गंजलेले पोर्ट आहेतच.

त्या दिवशी सकाळी बंदराकडच्या एका बागायतदाराचा फोन आला. सगळ्या फाइलींची नावं बदललेली, स्क्रीनवर पैसे मागणारी पाटी. तिथे निघालो, तोवर जामसंड्याच्या काकांचा फोन. ते वेगळ्याच कारणाने तापलेले.

"माझ्याच कॉम्प्युटराक माका पासवर्ड कित्याक व्हयो रे?"

"काका, काय उघडलंत?"

"पट्टी."

वाशीच्या दलालाकडून विक्रीची पट्टी येते, तिच्यासाठी बागायतदार डोळे लावून बसलेला असतो. त्या दलालाचा मेल कुणीतरी बळकावून त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकच लिंक धाडली होती. उतरलेल्या फाइलीचं नाव 'पट्टी.पीडीएफ' दिसत होतं. पुढचं '.ईएक्सई' हे शेपूट, म्हणजे हा कागद नसून चालणारा प्रोग्राम आहे ही खूण, दिसतच नव्हतं, कारण नेहमीच्या फाइलींची शेपटं विंडोज मुळातच लपवून ठेवतं. हा शहाणपणा कुणाला सुचला कोण जाणे.

काकांना म्हटलं, इंटरनेटची वायर उपटा आणि बटण दाबून मशीन बंद करा.

बंदरावरच्या मशीनवर एकच खातं होतं, मशीनवर सगळा अधिकार असलेलं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं. तिथे विंडोज पासवर्ड विचारत नाही, प्रोग्रामला मशीनमध्ये बदल करू द्यायचे का, 'होय' की 'नाही', एवढंच विचारतं. 2007 मध्ये व्हिस्टाबरोबर ही चौकट आली, तेव्हापासून लोक न वाचता 'होय' दाबत आलेत. इथेही तेच झालं. फाइली कुलूपबंद झाल्याच, शिवाय विंडोजने मागे राखलेल्या जुन्या प्रतीही त्या प्रोग्रामने पुसून टाकल्या. त्या पुसायला अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो, तो एका 'होय'मध्ये मिळाला. खातं वेगळं करू, असं मी मागे म्हटलं होतं. पण त्यांचं हिशोबाचं जुनं सॉफ्टवेअर साध्या खात्यातून चालेना, म्हणून मीच नाद सोडला. त्यातला अर्धा दोष माझा.

दुपारी जामसंड्याला गेलो. काकांच्या मशीनवर मी दोन खाती केली होती: रोजच्या मेल-इंटरनेटला 'ऑफिस' नावाचं साधं, आणि दुसरं अ‍ॅडमिनचं, ज्याचा पासवर्ड सुनेकडे. ती त्या दिवशी कुडाळला. साध्या खात्यात ती चौकट 'होय'वर भागत नाही, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागते. ती तीनदा आली, काकांनी तीनदा रद्द केली आणि मग मला शिव्या घालायला फोन लावला.

तरी नुकसान झालंच होतं. 'ऑफिस'मधल्या फाइली काकांना बदलता येतात, म्हणजे काकांच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रामलाही येतात. बिलं, पत्ते, नातवाचे फोटो, सगळ्याला कुलूप. पण जुन्या प्रतींना हात लागला नव्हता. आधी तो प्रोग्राम साफ केला, मग अ‍ॅडमिनच्या खात्यातून फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रिव्हियस व्हर्जन्स' उघडलं. तीन दिवसांपूर्वीची प्रत होती. मधल्या तीन दिवसांची बिलं काकांनी वहीतून पुन्हा सांगितली, मी टाइप केली. बंदरावर मात्र माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

निघताना म्हटलं, "काका, पासवर्ड तुम्हालाही लिहून देतो."

"माका नको," काका म्हणाले. "सुनेकडेच रवांदे."