आमची वाटचाल: वागळे इस्टेटचा गाळा आणि मुरबाडची भातगिरणी

आम्ही एचिंग प्रेस बनवतो, म्हणजे झिंकच्या प्लेटवर ॲसिडसारख्या रसायनाने रेघ खोदून केलेलं चित्र दाबाखाली कागदावर छापायचं यंत्र. ठाण्यात वागळे इस्टेटला आमचा गाळा आहे. रोलर तिथे उतरतात, गिअर तिथे बसतात. आणि मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे, एका बंद पडलेल्या भातगिरणीत त्याच प्रेसवर चित्रकार महिना-महिना राहून काम करतात. दर पाडव्याला मी वर्षाचा आढावा लिहून फाइलला लावते. यंदाचा सगळ्यांसमोर मांडतेय, कारण वर्षभर मला एकच प्रश्न विचारला गेला: "ताई, ते माळशेजच्या रस्त्यावरचं स्विमिंग पूलवालं तुमचंच ना?"

नाही. ते आमचं नाही आणि कधीच नव्हतं.

आधी प्रेसबद्दल, कारण आमचं सगळं त्यावर उभं आहे. बाबा मुळात जॉबवर्क करायचे. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. तिच्या भरभराटीच्या काळात एका लेथवर घर आरामात चालायचं. पुढे मोठे कारखाने बंद होत गेले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या आणि जॉबवर्क आटलं. त्या दिवसांत जे.जे. कला महाविद्यालयाचा एक विद्यार्थी टेंपोत घालून एक रोलर घेऊन आला. रोलर मध्ये झिजला होता. चित्राच्या कडा उठायच्या, मधला भाग फिका राहायचा. आमच्या गाळ्यातल्या मिस्त्रीमामांनी तो लेथच्या चकमध्ये धरला, फरक मोजायची डायल लावली, एकदा फिरवला आणि बाबांना म्हणाले, "शेठ, हा सुधारण्यात अर्थ नाही. अख्खा प्रेसच आपण बनवू."

आमचा पहिला प्रेस असा झाला. बाबांनी मिस्त्रीमामांना चार आण्याची भागीदारी कागदावर लिहून दिली. ती आजही आहे. मामांच्या हातचा रोलर म्हणजे जाड सीमलेस पाइप, दोन्ही तोंडं वेल्ड केलेली, आत शाफ्ट, एकाच सेटिंगमध्ये टर्निंग आणि शेवटी ग्राइंडिंग. डायलचा काटा ०.०२ मिलिमीटरच्या पुढे हलला तर मामा तो रोलर गाळ्याबाहेर जाऊ देत नाहीत, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. आणि ते बरोबर आहे. झिंकच्या प्लेटवरची रेघ केसाएवढी असते. ओलसर कागद दाबाखाली त्या रेघेत शिरतो तेव्हाच शाई वर येते. दाब या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा नसेल तर चित्रकाराने कितीही जीव ओतलेला असो, कागदावर तो उतरत नाही.

प्रेस विकता विकता एक गोष्ट दिसत गेली. कॉलेज सुटलं की मुलांचा प्रेसही सुटतो. डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये ॲसिडचा ट्रे कुठे ठेवणार? दिल्लीत ललित कला अकादमीचं गढी आहे, कलाकारांसाठीचे स्टुडिओ. भोपाळचं भारत भवन १९८२ मध्ये उभं राहिलं, तिथे सुसज्ज ग्राफिक वर्कशॉप आहे. आमच्या ठाणे जिल्ह्यात असं काही नव्हतं. भातगिरणी बघायला गेलो तेव्हा मामांनी आधी छपराकडे नाही, जमिनीकडे पाहिलं. हलर, म्हणजे भात सडायचं यंत्र, बसवायला भरलेला काँक्रीटचा पाया जसाच्या तसा होता आणि थ्री फेजची लाइन आधीच आलेली होती. सौदा तिथेच पक्का झाला.

मधली वर्षं चांगली गेली. माणसं आली, कामं झाली.

आता या वर्षाकडे येते. चैत्र-वैशाख नेहमीप्रमाणे पाण्याच्या टँकरवर काढला. उन्हाळ्यात शाई सैल पडते, पुसायला सोपी जाते, म्हणून अनुभवी लोक मुद्दाम मे महिना मागतात. कोल्हापूरचा एक मुलगा भिवंडीचे यंत्रमाग अ‍ॅक्वाटिंटमध्ये करत होता. रेघांऐवजी सलग करड्या छटा देणारी ही पद्धत: राळेची पूड पेटीत उडवून प्लेटवर बसवायची, खालून गरम करायची आणि दाणा पारदर्शक झाला की त्याच क्षणी आच काढायची. त्याचे करडे टोन इतके मऊ उतरले की मामा ठाण्याहून खास बघायला आले.

आणि मग आषाढ.

आमच्याकडे एक गृहस्थ बुकिंगचं काम बघायचे. नाव घेणार नाही. कुठल्या कॉलेजचे सर कुठल्या महिन्यात येतात, कुणाला जेवणात काय चालत नाही, हे सगळं माझ्या वहीतून ते शिकले. पाडव्यानंतर घरची अडचण सांगून गेले. जूनमध्ये कळलं की आमच्यापासून काही किलोमीटरवर, त्या स्विमिंग पूलवाल्या रिसॉर्टमध्ये 'कला निवास' सुरू झालंय. नाव आमच्या नावाशी इतकं मिळतंजुळतं की कुणीही फसावं. पत्रक माझ्या हातात आलं तेव्हा त्यावरचा प्रेस आमचा होता. फोटोत चाकावर एक हात दिसतो, अंगठ्याच्या नखावर जुना घण लागल्याची खूण. तो हात मिस्त्रीमामांचा आहे. तीस वर्षं लोखंड घासलेला हात दुसऱ्याच्या जाहिरातीत वापरला, आणि विचारायला एक फोन नाही.

ते लोक एवढ्यावर थांबले असते तर मी गिळलं असतं. पण डिसेंबरला दरवर्षी येणाऱ्या कॉलेजमधून फोन आला, "मॅडम, तुमचं बंद झालं असं कळलं. वाईट वाटलं." पाठोपाठ आणखी दोन ठिकाणची बुकिंग रद्द झाली. दुसऱ्या मोठ्या प्रेससाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता थकला. त्यात एका रात्री ओढा फुटून गिरणीत घोटाभर पाणी शिरलं. खालच्या फळीवरचा पुण्याचा हातकागद भिजला, उरलेल्यावर आठवड्यात बुरशीचे ठिपके आले. फेल्टचा, म्हणजे रोलर आणि कागदाच्या मध्ये घालायच्या जाड लोकरी कापडाचा, अख्खा संच चिखलात गेला. ज्यांनी प्रेस वापरलाय त्यांना सांगायला नको, फेल्टशिवाय प्रेस म्हणजे नुसतं लोखंड.

आणि श्रावणात गावात आवई उठली की गिरणीतलं तेजाब विहिरीत जातं. ती कुणी उठवली हे मला माहीत आहे, गावालाही माहीत आहे. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय निघाला, गिरणीला टाळं लावा इथपर्यंत. मी वाद घातला नाही. ट्रे, झिंकची प्लेट आणि दोन पिशव्या घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर टेबलावर मांडलं. आम्ही झिंकसाठी नायट्रिक ॲसिड कधीच बंद केलंय. मोरचूद आणि साधं मीठ, दोन्ही समप्रमाणात, पाण्यात. मोरचूद मुरबाडच्या कृषी सेवा केंद्रातून येतं, त्याची पावती दाखवली. प्लेट पाण्यात सोडली. उघड्या रेघांवर तांबूस गाळ धरू लागला, मोरपिसाने तो हलवत राहिले, निळं पाणी हळूहळू फिकं होत गेलं. पुढच्या रांगेतली एक आजी उठून जवळ आली, पिशवीत बोट घालून बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "आगं, ह्ये तर आमी काकडीवर मारतो!"

सभा तिथेच निवळली. तरी मी पुढचंही सांगितलं, कारण अर्धं सांगणं मला पटत नाही. मोरचूदाने मासे मरतात, म्हणून वापरलेल्या पाण्याचा एक थेंब ओढ्यात जात नाही. धुण्याचा सोडा घालून ते बसू देतो, गाळ वाळवून ड्रममध्ये भरतो आणि ड्रम ठाण्याला नेतो. तुमच्यापैकी कुणी घरी एचिंग करत असाल तर हे करा. मोरीत ओतू नका.

पण ग्रामसभा जिंकून हप्ता भरला जात नाही. तो भरला कल्याणच्या वकीलकाकांमुळे. गिरणी सुरू झाल्यापासून काका दरवर्षी एक तरी प्रिंट घेतात. त्यांच्या आजोबांनी मळवलीच्या रविवर्मा प्रेसची एक लक्ष्मी घेतली होती, ती आजही त्यांच्या ऑफिसात अशिलांच्या डोक्यावर आहे. दगडावरून एकेक रंग वेगळा छापलेली. ती बघत मोठा झालेला माणूस, त्याला छापाचित्र म्हणजे 'प्रिंट आऊट' नव्हे हे समजावावं लागत नाही. भिंग घेऊन येतात, प्लेटच्या कडेचा उठाव बोटाने चाचपतात, खाली पेन्सिलीने लिहिलेला आकडा वाचतात, मगच किंमत विचारतात. घासाघीस आजवर केली नाही.

त्या पावसात ते आले, चप्पल हातात घेऊन चिखलातून. भिजलेले फेल्ट दोरीवर होते. ते बघून काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, दिवाळीला मी अशिलांना मिठाईचे बॉक्स देतो. यंदा छापाचित्रं देईन. सहा प्लेटा, प्रत्येकीच्या चाळीस प्रती. जमेल?" मी म्हटलं, "काका, आधी नमुना तरी बघा." "नमुने बघतच आलोय इतकी वर्षं," म्हणाले आणि चेकबुक काढलं.

त्या ॲडव्हान्समधून फेल्ट आले. आता फेल्टचा विषय निघालाच आहे तर सांगते. काम संपल्यावर दाब सैल करा आणि फेल्ट प्रेसवरून काढून ठेवा. रात्रभर रोलरखाली दाबलेला फेल्ट मरतो. कागदातली खळ मुरून तो कडक झाला की कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत आडवा वाळवा. आणि प्लेटच्या चारही कडा कानशीने उतरत्या घासल्याशिवाय प्रेसवर ठेवू नका. धारदार कड कागद कापते आणि मग फेल्ट. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते आणि निम्मे लोक तरीही तशीच प्लेट पुढे करतात.

सहांपैकी एक प्लेट लिनोची, म्हणजे कोरता येणाऱ्या लिनोलियमच्या तुकड्याची, आहे, तिच्याबद्दल लिहिलंच पाहिजे. डहाणूकडचा एक वारली चित्रकार आश्विनात आमच्याकडे आला. २०१४ ला पालघर वेगळा झाला, त्यामुळे कागदावर तो आता परजिल्ह्यातला, पण आमच्या लेखी नाही. त्याआधी तो त्या रिसॉर्टवर जाऊन आला होता. तिथे पाहुण्यांना दोन तासांत वारली 'शिकवायची', कापडी पिशव्यांवर, पांढऱ्या मार्करने. लग्नात भिंतीवर काढायचा चौक, त्यातली पालघट देवी, लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी, तांदळाच्या पिठात बुडवलेली बांबूची काडी, यातलं काही तिथे कुणी विचारलं नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ते आयुष्यभराच्या कामासाठी. दोन तासांत उरकणाऱ्या गोष्टीसाठी नाही. मला याचा राग आहे आणि तो राहणार.

आधी त्याने झिंकवर सुई धरून पाहिली. रेघ सुंदर आली, पण छापल्यावर काळी. तो नुसता बघत राहिला. गेरूच्या भिंतीवर त्याची रेघ जन्मभर पांढरी होती. मी त्याला लिनो दिला. लिनोत उलटं असतं, कोरलेल्या जागेला शाई लागत नाही, ती कागदाची राहते. त्याने उबेने मऊ केलेल्या लिनोवर बारीक व्ही गॉजने, म्हणजे व्ही आकाराच्या कोरणीने, दोन त्रिकोण कोरले, टोकाला टोक लावून, माणसाचं धड. वर ठिपक्याएवढं डोकं. आम्ही गेरूच्या जवळ जाणारी शाई मळली, रोलरने पातळ थर दिला, छापलं. कागद उचलला तर तांबड्या मातीवर पांढरा माणूस उभा. त्यानंतर त्याला जेवायला बोलवावं लागायचं. शेवटच्या आठवड्यात त्याने अख्खा चौक कोरला, चारही बाजूंची नक्षी एकाही चुकीच्या घावाशिवाय. लिनोत चुकीचा घाव भरून काढता येत नाही, हे जाणणाऱ्यांना त्याची किंमत कळेल.

बाहेर भाताची झोडणी चालू होती आणि आत मामा, तो, कोल्हापूरचा मुलगा (हाकेसरशी परत आला) आणि मी, असे प्रती काढत होतो. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी सगळा गठ्ठा कल्याणला पोचला. काकांनी भिंग काढलं, एकेक प्रत पाहिली. चार प्रती बाजूला केल्या, पुसताना कडेला बोट लागलेल्या. बदलून दिल्या.

डिसेंबरचं ते कॉलेज परत आलं नाही. त्या पूलवाल्या रिसॉर्टवर गेलं. त्यांच्या सरांना मी गिरणीचे आणि छापल्या प्रतींचे फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. त्यांच्या जागी सोलापूरकडच्या चित्रकला शिक्षकांचा गट आला, पौषात सगळे म्हशाच्या यात्रेत बैल रेखाटायला गेले आणि तिथल्या धुळीने भरलेल्या वह्या घेऊन आले. त्या रेखाटनांच्या ड्रायपॉइंट, म्हणजे सुईने थेट ओरखडलेल्या, प्लेटा अजून गिरणीत आहेत. रिसॉर्टच्या लॉबीत एक छोटा प्रेस ठेवलाय म्हणे, शोभेला. बेडवर, म्हणजे प्लेट ठेवायच्या पाट्यावर, गंज आहे, असं त्या डहाणूच्या चित्रकाराने सांगितलं. मामांना ते ऐकवलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "तेल नाय घालत कोणी?"

हप्ते मार्चअखेर सगळे चुकते झाले. मोठा प्रेस चैत्रात गिरणीत बसेल, बेड ४ फूट बाय ७ फूट. जूनच्या तुकडीत तीन जागा आहेत. कागद आम्ही देतो, तो आता माळ्यावर असतो. झिंक १८ गेजचं आणा, पातळ आणू नका. बुकिंग फक्त वागळे इस्टेटच्या गाळ्यावर माझ्याकडे किंवा मिस्त्रीमामांकडे होतं, आमचा दुसरा कुणीही माणूस नाही. आणि प्लेटांच्या कडा घरूनच घासून आणा.