नैरोबीतून राजीनामा देऊन गेलेला पोलीस अधिकारी

केनिया म्हटलं की आपल्याकडे मसाई मारा आणि सिंह आठवतात. इथे राहणाऱ्याला मात्र १९५२ ते १९६० ही ब्रिटिश राजवटीतल्या आणीबाणीची वर्षं टाळता येत नाहीत. किकुयू जमातीच्या प्रत्येक घरात त्यांची एखादी गोष्ट असतेच.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची आजी तेव्हा तरुण होती. तिची झोपडी पाडून सगळ्या वाडीला एका नव्या गावात कोंबलं होतं. भोवती खंदक, खंदकात टोकदार बांबू रोवलेले, फाटकावर पहारा. पहारेकरी ओळखीतलेच, सरकारच्या बाजूने गेलेले होम गार्ड. लोक त्यांना ‘नगाती’ म्हणत. अशा गावांत दहा लाखांवर माणसं डांबली होती. मूळ भांडण जमिनीचं. डोंगराळ भागातली सुपीक जमीन गोऱ्यांकडे आणि तिथेच राबणारे किकुयू उपरे. त्यातून ‘माऊ माऊ’ म्हणून ओळखलं जाणारं किकुयूंचं सशस्त्र बंड पेटलं.

गव्हर्नर होते सर एव्हलिन बेअरिंग. इजिप्तवर हुकूमत गाजवणाऱ्या लॉर्ड क्रोमर यांचे चिरंजीव आणि तरुणपणी भारतात आयसीएस अधिकारी. इथे येऊन महिना होतो न होतो तोच, २० ऑक्टोबर १९५२ ला त्यांनी आणीबाणी पुकारली. पुढे हजारावर माणसं फासावर गेली.

मला मात्र या सगळ्यात कर्नल आर्थर यंग यांचं आयुष्य जास्त विचार करायला लावतं. हे लंडन सिटीचे पोलीस कमिशनर. १९५२ मध्ये मलायात बंडाळी चालू असताना तिथल्या पोलिसांची घडी बसवायला गेले होते. १९५४ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नैरोबीला धाडलं. पोलिसांनी कायद्याला उत्तर द्यावं, साहेबाच्या मर्जीला नव्हे, एवढंच त्यांचं म्हणणं. पण होम गार्डांनी केलेल्या खुनांचा तपास गुन्हे शाखेने सुरू केला की जिल्ह्याचे गोरे अधिकारी आडवे येत. आपल्या बाजूच्या मुखियावर खटला भरला तर उद्या आपल्याला साथ कोण देणार, हा त्यांचा हिशेब. यंग पुन्हा पुन्हा गव्हर्नरकडे गेले. बेअरिंग ऐकून घेत, करत काहीच नसत. शेवटी डिसेंबर १९५४ मध्ये, वर्षही पुरं झालं नसताना, यंगनी राजीनामा दिला. बाहेर दिलेलं निवेदन मवाळ होतं. मजूर पक्षाच्या खासदार बार्बरा कॅसल यांनी ब्रिटिश संसदेत यंग यांचा अहवाल मागितला, सरकारने तो दिला नाही.

यंग यांना मी वीर म्हणणार नाही. साम्राज्य चुकीचं आहे असं काही ते म्हणाले नाहीत, आणि गेले तेही गाजावाजा न करता. तरीही खुर्चीवर बसून ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ म्हणणारे किती होते? ॲटर्नी जनरल एरिक ग्रिफिथ-जोन्स यांनी १९५७ मध्ये बंडाच्या संशयितांना डांबलेल्या छावण्यांतल्या मारहाणीला कायद्याच्या चौकटीत बसवताना बेअरिंगना लिहिलं होतं की पाप करायचंच असेल तर गुपचूप करायला हवं. मार्च १९५९ मध्ये होला छावणीत ११ कैदी मारहाणीत मेले, आणि पहिल्या सरकारी निवेदनात ते पाणी प्यायल्यावर दगावल्याचं सांगितलं गेलं. हे वाचताना आजही संताप येतो.

याच नैरोबीत तेव्हा एक मराठी माणूसही होता. औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ पासून इथे भारताचे कमिशनर होते. आफ्रिकी नेत्यांशी त्यांचा घरोबा गोऱ्या सरकारला खुपायचा. लंडनने दिल्लीकडे तक्रारी केल्या आणि १९५४ मध्ये, यंग आले त्याच वर्षी, पंत इथून गेले. एकाच शहरात एक परक्या देशाचा प्रतिनिधी नको झाला आणि एक घरचाच अधिकारी जड झाला, हे माझ्या मते राजवटीचा पाया खचल्याचं लक्षण होतं.

छावण्यांतून वाचलेले म्हातारे २००९ मध्ये लंडनच्या कोर्टात गेले. खटला चालू असतानाच, २०११ मध्ये, इंग्लंडमधल्या हॅन्स्लोप पार्क या सरकारी ठिकाणी दडवून ठेवलेल्या केनियाच्या सुमारे १,५०० फायली उजेडात आल्या. २०१३ मध्ये ब्रिटनने खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांसाठी कोर्टखर्चासकट १ कोटी ९९ लाख पौंड मान्य केले.

सफारीसाठी इकडे याल तेव्हा नैरोबीत अर्धा दिवस राखून ठेवा. किमाथी स्ट्रीटवर माऊ माऊचे नेते देदान किमाथी यांचा पुतळा आहे, आणि उहुरू पार्कच्या कोपऱ्यात त्याच समझोत्यातून ब्रिटनच्या पैशाने उभारलेलं स्मारक. त्यात एक बाई बंडखोराला जेवण देते आहे. सोबत एखादा स्थानिक माणूस घ्या आणि त्याच्या घरातली गोष्ट विचारा.