तिसऱ्या फरशीवरचा डाग

जुन्या इमारतीत नववी ‘ब’चा वर्ग भरायचा त्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीपासून तिसऱ्या फरशीवर एक खरबरीत, पांढुरका डाग आहे. तळहाताएवढा. आता शाळेचा अमृत महोत्सव आहे, वयही झालंय, तेव्हा कबुली द्यायला हरकत नाही. तो डाग मी पाडला, १९७९ च्या पावसाळ्यात. शिक्षा झाली नाही. पुढं पस्तीस वर्षं मात्र त्याच डागाच्या जोरावर माझं पोट भरलं.

गोष्ट सुरू होते आमच्या घरच्या कणगीपासून. तिच्या झाकणावर वजनाला एक दगड ठेवलेला असायचा. बाहेरून काळा, ओबडधोबड, नारळाएवढा. एका बाजूनं फुटलेला, आणि फुटल्या जागी आत पोकळी. त्या पोकळीत खडीसाखरेसारखे खडे दाटीवाटीनं बसलेले, मधूनच पंख्यासारखे पसरलेले दुधी पापुद्रे. बाहत्तरच्या दुष्काळात माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, तिथं तिच्या हातोडीखाली हा निघाला. बाकीच्या बाया सुकडी घेऊन घरी आल्या, आमची माय सुकडी आणि दगड घेऊन आली. मी सात वर्षांचा होतो. तो दगड मी गुपचूप चाटून पाहिला होता. गोड नव्हता.

माय शाळेत गेली नव्हती, पण दगड तिला कळायचा. ब्रासाच्या मापानं खडी मोजून द्यायची म्हटल्यावर कळावाच लागतो. ‘काळा पाषाण गुर्मीचा असतो, ठिणगी देतो पण फुटत न्हाई. मांजऱ्या बिचारा दोन घावांत मोकळा होतो.’ मांजऱ्या म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा, मऊसर खडक. विहीर खोदणाऱ्या कुणालाही विचारा. मांजरीच्या अंगासारखा ठिपकेदार म्हणून मांजऱ्या, असं तीच सांगायची. खरं-खोटं तिला ठाऊक.

आमच्या भूगोलाच्या सरांना पोरं पाठीमागं धोंडोपंत म्हणायची. कारण उघड आहे. त्यांच्या टेबलावर वह्यांपेक्षा धोंडे जास्त असायचे. नववीत खडकांचा धडा आला तसं त्यांनी पुस्तक मिटवलं आणि प्रत्येकानं घरून एक दगड आणायचा हुकूम सोडला. दुसऱ्या दिवशी चाळीस पोरांचे चाळीस दगड आले, त्यातले अडतीस काळेकुट्ट. एकानं आजीचा वरवंटा आणला होता, त्याला घरी त्याचा प्रसाद मिळाला. एकाचं आजोळ देगलूरचं. त्यानं तिकडून आणलेला गुलाबी-करडा, दाणेदार दगड वहीवर ठेवण्यासाठी जपला होता, तो आणला. आणि मी मायला न विचारता कणगीवरचा दगड दप्तरात घालून आणला.

सरांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग विज्ञानाच्या कपाटातून पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली मागवली. ‘चुनखडीच्या जातीचा असेल तर फसफसेल. एक थेंब टाक.’ मी टाकला. काही नाही. दुसरा टाकला. दगड ढिम्म. वर्गात कुणीतरी हसलं, माझा हात थरथरला, बाटली कलंडली आणि आम्ल थेट फरशीवर. आणि फरशी फसफसली! उकळत्या दुधासारखा पांढरा फेस, बारीक सूऽऽ आवाज. सगळी पोरं बाकांवर चढली. मला वाटलं, आता शाळेतून नाव कटतं.

सर खाली वाकून फेस बघत होते. म्हणाले, ‘बघा, फरशी उत्तर द्यायली, दगड गप्प हाय. का?’

त्या ‘का’मध्ये पुढचे तीन तास गेले. मराठवाड्यात घरोघरी असते तशी आमच्या वर्गातही शहाबादी फरशी. शहाबाद गुलबर्ग्याकडं, तिथला चुनखडक म्हणजे कधीकाळी उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचलेला चुन्याचा गाळ. म्हणून तो थराथरानं सुटतो आणि म्हणूनच त्याची फरशी निघते. आम्ल पडलं की त्यातल्या कॅल्साइट या चुन्याच्या खनिजातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. आपल्या रानात पांढरे चुनखडे सापडतात, तेही असेच फसफसतात. काळ्या मातीतलं पाणी उन्हानं उडून जातं आणि विरघळलेला चुना मागं राहतो, त्याचे ते गोळे.

मग माझ्या दगडाची पाळी. सरांनी पापुद्र्याचा हरभऱ्याएवढा तुकडा काढला, कोरड्या परीक्षानळीत टाकला आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरला. तुकडा आधी फुगला, मग पांढराफटक पडून भुसभुशीत झाला. सरांनी नळी आडवी करून मला जवळ बोलावलं. नळीच्या वरच्या थंड काचेवर बारीक बारीक थेंब जमले होते. दगडातून पाणी! सहा वर्षं कणगीवर कोरडा पडलेला दगड, त्याच्या पोटात पाणी. ‘याला झिओलाइट म्हणतात. १७५६ मध्ये क्रोन्स्टेड नावाच्या स्वीडनच्या माणसानं असाच दगड तापवला, तो उकळल्यासारखा दिसला, म्हणून उकळता दगड असं ग्रीक नाव दिलं.’

हे खडे पोकळीत आले कुठून? सरांनी त्यासाठी हलवायाचं दुकान वर्गात आणलं. पाक सावकाश, न हलवता गार होऊ दिला की खडीसाखरेचे मोठे खडे धरतात; घोटून घोटून झटपट आटवला की बारीक दाणा पडतो; आणि हवा कोंडली की बत्तासा. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून वर आलेला लाव्हा, हजार-अकराशे अंशांच्या पुढं तापलेला. उघड्यावर भराभर गार झाला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. वरवर येणारे वायूचे बुडबुडे थराच्या डोक्याशी अडकले, तो झाला बत्तासा. पुढं खडकात मुरलेलं गरम पाणी त्या पोकळ्यांतून फिरत राहिलं. त्यानं बेसॉल्टमधलीच सिलिका, ॲल्युमिनिअम, कॅल्शिअम, सोडिअम विरघळवून घेतलं आणि पोकळीच्या भिंतीवर कणाकणानं बसवलं. पोकळ्या अशा भरल्या की खडक ठिपकेदार दिसतो. म्हणजेच मायचा मांजऱ्या. मी हात वर करून हे सांगितलं, तर सर म्हणाले, ‘पुस्तकात ॲमिग्डलॉइडल बेसॉल्ट लिहिलंय. तू मांजऱ्याच लिही, खाली कंसात ते लिही.’

देगलूरच्या दगडाची चिवड्याशी सोयरीक लावली होती. चिवड्यातले पोहे, शेंगदाणे, डाळं वेगवेगळं वेचता येतं, तसं त्या ग्रॅनाइटमधलं गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखी गारगोटी, चमचमणारा अभ्रक नुसत्या डोळ्यांनी वेचता येतो. एकेक दाणा म्हणजे खनिज, सगळा मिळून खडक. खोल जमिनीत, लाखो वर्षं सावकाश गार झाल्याची ती खूण. मग सरांनी एक वाक्य टाकलं: ‘आपल्या पायाखाली खोल खोल गेलं, तर खाली देगलूरचाच दगड लागंल.’ आम्ही हसलो. आमच्या गावची सर्वांत खोल विहीर साठ फूट, तीही सगळी काळी.

लाव्ह्याचा दगड अग्निजन्य, गाळाचा स्तरित; राहिला तिसरा प्रकार, रूपांतरित. मराठवाड्यात तो दाखवायचा कुठून? सरांनी पहिलीच्या वर्गातून एक पाटी मागवली. लाकडी चौकटीची, खरी दगडी. ‘हा चिखल हाय.’ आंध्रात मार्कापूरला अशा पाट्यांच्या खाणी आहेत. चिखल साचून दगड झाला, तो जमिनीच्या पोटात दाबाखाली आणि उष्णतेत सापडला, त्यातली चपटी खनिजं एका दिशेनं आडवी झाली आणि स्लेट तयार झाली. फरशीही पापुद्र्यांनी सुटते, पाटीही सुटते. पण फरशी सुटते ती गाळ जसा बसला त्या थरांवर, पाटी सुटते ती दाब जसा पडला त्याप्रमाणं. हा फरक मला पुढं कॉलेजात पुन्हा शिकवला गेला, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

त्या वर्षीच्या सहामाहीत ‘खडकांचे प्रकार सोदाहरण लिहा’ असा प्रश्न आला. मी लिहिलं: शाळेची भिंत अग्निजन्य, फरशी स्तरित, पाटी रूपांतरित, फरशी भिंतीपेक्षा फार जुनी. पेपर दुसऱ्या कुणीतरी तपासले. मला निम्मे गुण पडले, कारण पुस्तकातली उदाहरणं नव्हती. तो राग अजून गेलेला नाही.

घरी वेगळाच पेपर. मायनं दगड उचलताच ओळखलं. ‘कामून फोडलास रे माझा दगड?’ मी परीक्षानळीची सगळी कथा सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, ‘पानी असंलच की. दगडालाबी जीव असतो.’ हे भूशास्त्रात बसत नाही, पण मी खोडून काढलं नाही. आज असे खडे परदेशातल्या संग्रहालयांत आहेत, बाजारात हजारोंना जातात. आमचा ज्वारीवर बसून राहिला.

वेरूळच्या सहलीत सरांनी आम्हाला कैलास लेण्याची मूर्ती एकही धड बघू दिली नाही, भिंतीतले लाव्ह्याचे थर मोजायला लावले. गाइड चिडला होता.

पुढं मी भूशास्त्र घेतलं आणि आयुष्यभर विहिरी-बोअरच्या जागा दाखवत मराठवाडा फिरलो. अखंड काळा पाषाण थेंब देत नाही, तोच भेगाळलेला असला तर भरून देतो. आणि दोन थरांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा लागला की समजायचं, इथं एक लाव्हा थांबला, त्यावर माती होऊ लागली आणि दुसऱ्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. शेतकऱ्याला एवढं सांगितलं की तो पहिला प्रश्न विचारतो, ‘साहेब, पानी किती इंच?’ बरोबरच आहे त्याचं.

३० सप्टेंबर १९९३ ची ती भूकंपाची पहाट मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. किल्लारीच्या परिसरात मी नंतर गेलो. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती होत्या, तोच आपला काळा दगड, ज्याला आम्ही नववीत इतकं कौतुकानं हाताळलं. त्या भिंतींच्या ढिगाऱ्याजवळ उभं राहून मला कुठलंच खनिज आठवलं नाही. एवढंच लिहितो.

भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. त्याचा अहवाल हातात पडला तेव्हा मी ऑफिसात एकटाच मोठ्यानं हसलो. वर ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली शेवटपर्यंत अडीचशे कोटी वर्षांहून जुना, नाइसच्या जातीचा, म्हणजे दाबा-उष्णतेनं रूपांतरित झालेला दाणेदार खडक. देगलूरच्या दगडाची भावकी. धोंडोपंतांनी बाकावर उभं न राहता, पुस्तक न उघडता सांगितलं होतं ते. सर निवृत्त होऊन गावी गेले होते. मी पोस्टकार्डावर सगळे आकडे लिहून पाठवले. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, त्यांच्या त्याच तिरप्या अक्षरात: ‘कार्ड मिळाले. आनंद झाला. पण मधले आठ मीटर कसले, ते लिहिले नाहीस.’

मी सविस्तर लिहिलं: लाव्हा येण्याआधी तिथं उघडी जमीन होती, पाणी वाहत होतं, त्या पाण्यानं आणलेला तो गाळ. त्या कार्डाला उत्तर आलं नाही. पटलं असावं, न पटतं तर आलं असतं.

आता ऐकतो की जुनी इमारत पाडून तिथं नवी बांधायची आहे, खाली चकचकीत टाइल्स येणार आहेत. चांगलं आहे, पोरांचे पाय घसरू नयेत म्हणजे झालं. संस्थेला एवढीच विनंती, की नववी ‘ब’ची फरशी उपटताना गवंड्याला जरा सांगावं. पूर्वेच्या खिडकीपासून तिसरी. पहार कडेनं घातली तर अख्खी निघते, मधोमध घातली तर फुटते. टेम्पोचं भाडं मी देईन.