तुम्ही विचारलंत म्हणून: त्या ‘तंत्र’वाल्यांकडे जावं का?

मी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर, म्हणजे पेल्विक फ्लोअरवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायका हा प्रश्न नेमका निघताना विचारतात. पर्स खांद्याला लावून झालेली असते, मग आवाज खाली येतो: “मॅडम, ते श्वास, मसाज, लैंगिक ऊर्जा असं सगळं एकत्र शिकवणारे असतात ना, त्यांच्याकडे जाऊन खरंच बरं वाटतं का? जाऊ का?” पुरुषही विचारतात, पण ते मित्रासाठी विचारत असतात. दारात उभ्याउभ्या देता येईल असं हे उत्तर नाही, म्हणून लिहितेय.

‘तंत्र’ या नावाने हे शिकवणारे ‘हे तर हजारो वर्षांपूर्वीचं ज्ञान’ असं म्हणतात, ते आधी बाजूला ठेवू. काश्मीरमध्ये साधारण इ.स. 1000च्या सुमारास अभिनवगुप्त या शैव आचार्याने ‘तंत्रालोक’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या 29व्या आह्निकात, म्हणजे अध्यायात, कुलयाग नावाचा विधी आहे आणि त्यात मैथुनही आहे. पण तो विधी दीक्षा घेतलेल्यांसाठी, आणि साधायचं ते शिवाशी ऐक्य. नवराबायकोतला दुरावा किंवा लहानपणीची जखम बरी करण्याचा तिथे विषयच नाही.

बरं करण्याची कल्पना आली ती विसाव्या शतकातल्या व्हिएन्नातून. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याच्या वर्तुळातला विल्हेल्म राइश म्हणाला, दाबलेली भीती आणि राग स्नायूंच्या ताठरपणात, चिलखतासारखे, अंगावर बसतात. त्याचा शिष्य अलेक्झांडर लोवेन याने त्यावर व्यायाम बसवले. 1962मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एसालेन नावाचं केंद्र सुरू झालं आणि मसाज, गटोपचार, पूर्वेकडचं अध्यात्म एका छपराखाली आलं. 1974नंतर पुण्यात रजनीशांच्या आश्रमात पाश्चात्त्य थेरपिस्ट गट चालवू लागले. आज ‘प्राचीन’ म्हणून जे शिकवतात, त्यातलं बरंचसं या रस्त्याने आलेलं आहे. त्यामुळे ते खोटं ठरत नाही. फक्त ‘ऋषींनी सांगितलंय’ म्हणून डोळे मिटून घ्यायचं कारण उरत नाही.

राइशचा शेवट मात्र लक्षात ठेवावा असा आहे. पुढे त्याला ‘ऑर्गोन’ नावाची वैश्विक ऊर्जा सापडली आणि ती साठवायच्या पेट्या त्याने बनवल्या. अमेरिकेत कोर्टाने त्या पेट्यांवर बंदी घातली, 1956मध्ये त्याची पुस्तकं सरकारने जाळली आणि बंदी मोडल्याबद्दल शिक्षा भोगताना 1957मध्ये तो तुरुंगात वारला. पुस्तकं जाळणं लाजिरवाणंच. पण अचूक निरीक्षण आणि निराधार विज्ञान एकाच माणसात कसं नांदू शकतं, ते इथे दिसतं. या क्षेत्रात ती जोडी आजही तुम्हाला पावलोपावली भेटेल.

या सगळ्या इतिहासात मला सर्वात जवळचा वाटतो जोझेफ क्रेमर. जेझुइट, म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती संघातला धर्मसेवक, म्हणून घडलेला हा माणूस. 1984मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ‘बॉडी इलेक्ट्रिक’ ही शाळा काढली. एड्सच्या भीतीने समलिंगी पुरुषांना एकमेकांचा स्पर्शही धोक्याचा वाटू लागला होता, तेव्हा श्वास आणि मसाज यांतून त्यांना सुरक्षित रीतीने पुन्हा शरीराकडे आणायचं काम त्याने केलं. तिथे अध्यात्म शोभेला नव्हतं. आपलं शरीर हेच पाप आहे असं ऐकत वाढलेल्या माणसाला ‘तुझं शरीर पवित्र आहे’ असं कुणीतरी सांगावं लागतं. स्नायूचं चित्र काढून मी ते सांगू शकत नाही. त्या बाबतीत हे शिक्षक माझ्यापुढे आहेत, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

आता, शरीरात काय होतं? श्वास घेताना श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायू, खाली जातं तेव्हा ओटीपोटाचा तळही सैल होऊन खाली सरकतो. त्यामुळे संथ श्वासाने घट्ट धरलेले स्नायू सुटतात, हे मी रोज हाताखाली अनुभवते. केसाळ त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे चेतातंतू असतात. सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर अशा संथ, हलक्या स्पर्शाला ते सर्वात चांगला प्रतिसाद देतात. आणि संभोगाला काही काळ चक्क मनाई करून नुसता, काही साधायचं नसलेला स्पर्श करायला लावण्याची पद्धत मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी 1970मध्येच मांडली. धूप-दिवे वगळले तर या तंत्राच्या वर्गांतला पुष्कळसा भाग हाच असतो.

पण बराच वेळ जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. ओठांना मुंग्या येतात, बोटं वाकडी होतात, डोकं हलकं होतं. त्याला ‘कुंडलिनी जागी झाली’ म्हणणाऱ्याला माझा नमस्कार. सत्रात ढसाढसा रडू येणं हाही बरं झाल्याचा पुरावा नव्हे. रडणं खरं असतं. पण पुढच्या महिन्यात झोप लागते का, दुखणं कमी झालं का, ते बघायचं.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. उपचार करणाऱ्याला व्यवसायाचे नियम असतात. जोडीदाराशी नातं बरोबरीचं असतं, निदान असावं. गुरूपुढे आपण वाकतो, पण तो अंगाला हात लावणार नाही असं गृहीत असतं. तिन्ही भूमिका एकाच माणसाने घेतल्या की प्रत्येकीचा लगाम सुटतो. नियम विचारले तर ‘ही थेरपी नाही, साधना आहे’. साधना म्हणून प्रश्न विचारला तर ‘हा तुझा अहंकार’. आणि नको म्हटलं तर ‘हीच तर तुझी गाठ, ती सोडायला शिक’. नकारालाच रोग ठरवलं की मग काहीही करून घेता येतं. सॅन फ्रान्सिस्कोत 2004मध्ये सुरू झालेल्या वनटेस्ट या कंपनीने ‘ऑर्गॅझमिक मेडिटेशन’, म्हणजे लैंगिक उत्तेजनेवर बेतलेलं ध्यान, मुक्ती म्हणून विकलं. तिची संस्थापक निकोल डिडोन हिला 2025च्या जूनमध्ये सक्तीच्या श्रमाच्या कटाबद्दल अमेरिकी ज्यूरीने दोषी ठरवलं. ती स्त्री आहे हे मुद्दाम सांगते, कारण ‘बाई शिकवतेय म्हणजे सुरक्षित’ असं मला फार जणी ऐकवतात.

बेटी मार्टिन या शिक्षिकेची मांडणी मला कामाची वाटते: स्पर्श कोण करतंय, आणि तो कोणासाठी आहे? तुमच्यासाठी असेल तर शिक्षकाला त्यातून सुख मिळण्याचा संबंध नाही. क्रेमरच्याच प्रेरणेने घडलेल्या सेक्सॉलॉजिकल बॉडीवर्कर्सची, म्हणजे लैंगिकतेवर स्पर्श आणि श्वासातून काम करणाऱ्यांची, आचारसंहिता म्हणूनच सांगते की काम करणाऱ्याच्या अंगावर कपडे हवेत, स्पर्श एकाच दिशेने हवा, जननेंद्रियांना हात लावताना हातमोजे हवेत. यातलं एक जरी मोडत असेल तर समोरचा कितीही तेजस्वी दिसो, उठा.

आणि संबंधांच्या वेळी दुखत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणं), जंतुसंसर्ग, रजोनिवृत्तीनंतरचा कोरडेपणा यांवर चक्रशुद्धीचा उपयोग नाही. तपासण्या झाल्या, दुखणं आटोक्यात आलं, तरी शरीर परकंच वाटतंय, असं असेल तर जा. पहिल्या भेटीत मध्येच एकदा, काहीही कारण नसताना, ‘थांबा’ म्हणा. हात लगेच बाजूला झाले आणि कारण विचारलं गेलं नाही, तर दुसऱ्या भेटीचा विचार करा. तुमच्या ‘थांबा’चा अर्थ तुम्हालाच समजावून सांगायला सुरुवात झाली, तर पूर्ण ऐकायलाही थांबू नका.